शिकोकूची संथ बुलेट ट्रेन
सेवा: तेत्सुदो हॉबी ट्रेन, योदो लाइन, कुबोकावा ते उवाजिमा. पाचपैकी साडेतीन तारे.

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, नसलेलं बेट आता एकच उरलंय, शिकोकू. तर तिथे 2014 मध्ये एका डब्याच्या डिझेल गाडीलाच पांढरा-निळा रंग दिला, पुढे 0 सिरीजचं, म्हणजे सगळ्यात पहिल्या बुलेट ट्रेनचं, गोल नाक बसवलं आणि दिली रुळावर सोडून! निमित्तं एकदम तीन जुळली होती: शिनकान्सेनची पन्नाशी, योदो लाइनच्या पहिल्या तुकड्याची शंभरी आणि पूर्ण मार्ग जोडला गेल्याची चाळिशी. स्वतःचीच थट्टा करायला एवढा मुहूर्त पुन्हा कुठून मिळणार?

आत 0 सिरीजमधून काढलेल्या खऱ्या खुर्च्या आहेत, पण चारच. त्या आधीच पटकावलेल्या असतात. बाकीच्यांनी भिंतीला पाठ लावून लांब बाकावर बसायचं. काचेच्या कपाटात छोट्या गाड्यांची मॉडेल्स आहेत, त्यांच्यापुढे मी जरा जास्तच रेंगाळलो. बायकोला गाड्यांचं काही पडलेलं नाही. तिने नाकासमोर एक फोटो काढून घेतला आणि सरळ खिडकी धरली. शहाणी तीच, कारण इथे बघायचं ते बाहेर आहे.

कुबोकावा सोडल्यावर गाडी शिमान्तो नदीच्या प्रवाहाबरोबर उतरत जाते. मी सांगेन डावीकडे बसा, तेवढ्यात पूल येतो आणि नदी उजवीकडे जाते. पुन्हा बोगदा, पुन्हा पूल. नदीवर मधूनमधून बिनकठड्यांचे बुटके पूल दिसतात. पुरात ते मुद्दाम पाण्याखाली जाऊ देतात. कठडेच नाहीत, मग वाहत येणारे ओंडके अडकणार कशाला! नदी वळणं घेत जाते आणि रूळ बोगद्या-पुलांनी ती वळणं छाटत जातात, कारण वाकाई ते एकावासाकी हा भाग सगळ्यात नवा, 1974 सालचा. गाडी इथे बऱ्यापैकी पळते.

एकावासाकीला शिमान्तो दक्षिणेकडे वळते आणि आपण हिरोमी नदी धरून वर निघतो. (याच गावात 12 ऑगस्ट 2013 ला 41.0 अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हाचा जपानचा उच्चांक. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी टोपी घ्या.) इथून पुढे गाडीची चाल बदलते, ती का ते इतिहासात आहे. उवाजिमाकडचा भाग 1914 मध्ये एका खाजगी कंपनीने 762 मिलीमीटरच्या अरुंद रुळांवर सुरू केला. 1933 मध्ये तो सरकारकडे गेला आणि 1941 मध्ये रूळ 1067 मिलीमीटरचे झाले. एकावासाकीपर्यंत गाडी पोचायला 1953 उजाडलं. छोट्या गाडीसाठी आखलेली ती वळणं अंगाला जाणवतात. नाक ताशी 210 किलोमीटरवाल्या गाडीचं आणि चाल ही अशी, मला तर हसूच येत होतं.

खरं तर ही लाइन 1980 च्या दशकातच बंद व्हायची. तोट्यातले मार्ग काढून बस चालवायचं ठरलं होतं, पण इथे समांतर रस्ताच धड नव्हता म्हणून ती वाचली. आज प्रवासी तुरळक, गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. ही नाकवाली गाडी ठरावीक फेऱ्यांनाच असते, त्यामुळे वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका.

आता दीड तारा कुठे गेला ते सांगतो. डब्यात शौचालय नाही आणि प्रवास दोन तासांच्या वर. कुबोकावालाच उरकून घ्या, चहा नंतर. आयसी कार्ड (मशीनला टेकवून भाडं भरायचं कार्ड) चालत नाही. चढताना मशीनमधून आकड्याची चिठ्ठी घ्यायची, पुढच्या फलकावर त्याच आकड्याखाली भाडं वाढताना दिसतं, आणि उतरताना चिठ्ठी व पैसे चालकाजवळच्या पेटीत. पेटी उरलेले पैसे परत देत नाही, आधी मोड करून ठेवा. शिवाय कुबोकावा ते वाकाई हा तुकडा तोसा कुरोशिओ रेल्वे या वेगळ्या कंपनीचा आहे. सेइशुन 18 (जेआर रेल्वेच्या साध्या गाड्यांचा स्वस्त पास) तिकीटवाल्यांनी तिथले पैसे वेगळे भरायचे.

लहान मुलं बरोबर असतील तर हीच गाडी पकडा. नसतील तर योदो लाइनची कुठलीही गाडी चालेल, नदी तीच दिसते.