स्वायत्तता, बीसीए की आपलाच परिसर? तालुक्याच्या महाविद्यालयाचा पाच वर्षांचा आराखडा ठरवताना

चोपडा, शहादा, साक्री अशा एखाद्या गावच्या कला-विज्ञान महाविद्यालयाच्या विकास समितीवर तुम्ही आहात, असं धरून लिहितो. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा ठरवायचा असला की समोर तीन प्रस्ताव येतात: स्वायत्तता घेऊ, बीसीएसारखे (संगणकातली पदवी) ‘चालते’ वर्ग काढू, किंवा आहेत ते अनुदानित विभाग परिसराशी जोडून भक्कम करू. बऱ्याच संस्था तिन्ही लिहून मोकळ्या होतात. महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषाच्या (कारभार आणि नियोजन) फाइलला तेवढं पुरतं. पण यंदा चार लाख शिल्लक आहेत, ते संगणकाला द्यायचे की वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेला, याचं उत्तर त्या आराखड्यात सापडत नाही.

बीसीएचं आधी उरकून घेऊ. पालकांची मागणी खरी आहे, आणि संस्थाचालकांना फीचा आकडा दिसतो. पण 2024-25 पासून बीबीए, बीसीए हे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, कक्षेत गेले आणि राज्यात त्यांना सीईटी लागली. धडगावकडच्या मुलीचं बारावीनंतर शिकायचं की नाही हेच निकाल लागल्यावर घरात ठरतं. सीईटीच्या अर्जाची तारीख तोवर केव्हाच गेलेली असते. शिवाय वर्ग विनाअनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार फीतून. फी बरीचशी शिष्यवृत्तीवर, आणि ती केव्हा जमा होईल ते सरकारचं महाडीबीटी पोर्टलच जाणे. एसटीने तासाभराच्या अंतरात दुसरीकडे कुठेच हा वर्ग नसेल तर एक तुकडी काढून बघा. जळगाव, धुळे, शिरपूरच्या सावलीत असाल तर मी पैसे घालणार नाही.

स्वायत्ततेचा मोह वेगळा, आणि तो समजण्यासारखा आहे. अभ्यासक्रम आपला, परीक्षा आपली, निकाल वेळेवर. पदवी मात्र कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचीच. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार नॅकची किमान ‘ए’ श्रेणी असली की अर्ज करता येतो आणि दर्जा पहिल्यांदा दहा वर्षांसाठी मिळतो. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप महाविद्यालय या वाटेने गेले आहेत. पण दोन्ही 1940 च्या दशकातली. विभाग जुने, माजी विद्यार्थी भरपूर. त्यांच्याकडे बघून आपलं माप काढू नये.

स्वायत्त झालं की प्रत्येक विषयाला अभ्यास मंडळ लागतं. शिवाय विद्या परिषद, वित्त समिती आणि स्वतंत्र परीक्षा नियंत्रक. भौतिकशास्त्रात एकच कायम प्राध्यापक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे (तासागणिक मानधनाचे) असतील तर अभ्यास मंडळ म्हणजे तो एकटा आणि चहा. पेपर काढायचा त्यानेच, तपासायचा त्यानेच, अंक भरायचे त्यानेच, आणि शिकवायचंही त्यानेच. मी अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं काम काही वर्षं केलं. ज्या वर्षी नॅकची भेट होती त्या वर्षी आमच्याकडे सर्वांत जास्त फाइली झाल्या आणि प्रात्यक्षिकं सर्वांत कमी. शिवाय नॅकनेच 2024 च्या सुरुवातीला जाहीर केलं की श्रेण्यांऐवजी ‘मानांकित’ किंवा ‘मानांकित नाही’ एवढंच ठेवायचं आणि त्यावर पातळ्या लावायच्या. म्हणजे केवळ ‘ए’ साठी पाच वर्षं झिजायची आणि तोवर फूटपट्टीच बदललेली, असंही होऊ शकतं.

तिसरा प्रस्ताव बैठकीत सर्वांत फिका वाटतो, कारण त्याची कोनशिला बसवता येत नाही. माझं मत त्याच्याच बाजूने आहे. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात तीन वर्षांची पदवी 132 श्रेयांकांची (क्रेडिटची) आणि चार वर्षांची ऑनर्स 176 ची. त्यात क्षेत्र प्रकल्प, समाजाशी जोडलेलं काम आणि प्रत्यक्ष कार्यानुभव हे सक्तीचे भाग आहेत. संलग्न महाविद्यालयालाही इथे स्वतःचं डोकं चालवायला जागा आहे, त्यासाठी स्वायत्तता लागत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र हे श्रेयांक झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या प्रकल्पांवर वाटले जातात.

खानदेशात विषयांना तोटा नाही. रावेर-यावलला असाल तर केळीवरचा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतात, आणि खाली गेलेलं भूजल. वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगोल हे तीन विभाग एकाच शिवारात काम करू शकतात. नंदुरबारच्या पट्ट्यात प्राणिशास्त्राला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, मराठीला भिली, पावरी, मावची आहेत, आणि त्या बोलणारी मुलं समोरच्याच बाकावर बसलेली आहेत. धुळ्याजवळ असाल तर इतिहासाच्या मुलांना राजवाडे संशोधन मंडळाची कागदपत्रं बसच्या अंतरावर. फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. त्याच्या आठवणी आजी-आजोबांकडून ऐकलेली माणसं अजून गावात भेटतील, आणखी दहा वर्षांनी कमी भेटतील. आणि तालुक्याच्या गावाला हे झेपेल का, असं कोणी विचारलं तर अमळनेर दाखवा: तिथे 1916 साली गिरणीमालक प्रतापशेठांनी कापड गिरणीच्या गावात चक्क तत्त्वज्ञानाचं केंद्र काढलं, आणि साने गुरुजी तिथे शिकायला आले.

यातला धोकाही सांगतो. असं काम एखाद-दुसऱ्या प्राध्यापकाच्या जिवावर चालतं. ते निवृत्त झाले की नमुन्यांचं कपाट कुलूपबंद. म्हणून पैसा उपकरणाच्या आधी माणसावर घाला: तासिकेवरच्या शिक्षकाला शिवारात नेलेल्या दिवसाचंही मानधन, मुलांचं बसभाडं, आणि नोंदी सांभाळायला एक माणूस. चार लाखांत हे दोन वर्षं ओढून नेता येईल. चकचकीत संगणक कक्ष तेवढ्यात होणारही नाही.

ठरवण्याआधी कार्यालयातून एक कागद मागवा: विभागवार कायम शिक्षक किती आणि पाच वर्षांत निवृत्त होणारे किती. निम्म्याहून अधिक विभागांत दोन-तीन कायम माणसं टिकणार असतील तर स्वायत्तता गांभीर्याने घ्या, आणि तयारीला तीन वर्षं धरा. तसं नसेल तर दोन विभाग निवडा आणि बाकीच्यांना तोंडावर सांगा की यंदा तुमची पाळी नाही. हे सांगताना वाईटपणा येतो, म्हणूनच कोणी सांगत नाही. एक विनंती: ठराव भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या आधी लिहून सह्या घ्या. जेवणानंतर आमच्याकडे तिन्ही प्रस्ताव एकमताने मंजूर झाले होते.