काठी सोडली आणि कुंपण आडवं झालं

माझी फसवणूक एका काठीने केली. बांबूची, बोटाएवढी जाड, प्रत्येक रोपाला एक.

बागेच्या एका कडेला वीस मीटर लांबीचं हिरवं कुंपण करायचं होतं. थोडं वाचून कोटोनिॲस्टर हे झुडूप ठरवलं, त्यातही लॅक्टिअस ही जात. बारा महिने हिरवी, माणसाच्या डोक्यावर जाणारी, छाटणी सोसणारी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुधाळ पांढऱ्या फुलांचे झुबके, आणि मग थंडी सरेपर्यंत टिकणारी लाल फळं. इंटरनेटवर एका रोपविक्रेत्याची जाहिरात दिसली. फोटोत अगदी असंच कुंपण, फळांनी लगडलेलं. फोन केला. "ताई, दोन वर्षांत भिंत उभी राहील, हिरवीगार. पान गळणार नाही." अर्धे पैसे आधी मागितले, उरलेले गाडी दारात आल्यावर, रोपं उतरवण्याआधी. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण चर खणून तयार होता आणि खणलेला चर माणसाला घाई करायला लावतो.

चाळीस रोपं आली. कमरेएवढी उंच, ताठ, काठीला तीन-तीन ठिकाणी हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली. पानं लहान, गर्द, चकचकीत. रांगेत ठेवली तेव्हा खरंच कुंपण दिसायला लागलं. जाताना तो म्हणाला, "वर्षभर काठी सोडू नका हं. वाऱ्याने मुळं हलतात." किती काळजीचा माणूस, असं मला वाटलं. आता कळतं, तो माझ्याकडून एक वर्ष मागून घेत होता.

अर्ध्या-अर्ध्या मीटरवर एकेक रोप लावलं. कुंडीतून काढताना माती भसकन सुटून पडायची आणि खाली मुळं म्हणाल तर चार दोरे. कुंडीत मुरलेल्या रोपाची माती मुळांनी बांधलेली असते, गोळा अख्खा निघतो. ही छाट कलमं नुकतीच मोठ्या कुंडीत बसवलेली होती. पहिल्या उन्हाळ्यात सात गेली. फोन केला तर "पाणी कमी पडलं" हे उत्तर तयारच होतं.

बाकीची तगली. त्याचा प्रत्येक शब्द खरा ठरत होता, पानसुद्धा गळलं नाही. फक्त शेंडा वर जाईना. नवे फुटवे फुटत, हातभर वाढत आणि जमिनीकडे वळत. मी त्यांना बिचाऱ्यांना वर उचलून काठीला बांधत होते!

दुसऱ्या वसंतात पहिल्या रोपाच्या पट्ट्या कापल्या. खालची, मधली, वरची. काठी उपसली. खोड क्षणभर तसंच राहिलं आणि मग सावकाश, ओल्या सुतळीसारखं, मातीवर टेकलं. दुसरं तसंच, तिसरंही. संध्याकाळपर्यंत तेहतीस रोपं आडवी आणि माझ्या हातात काठ्यांची मोळी.

ही कोटोनिॲस्टर डॅमेरी. जमीन झाकायला लावतात ती पसरणारी जात. उंची साधारण वीतभर, फार तर दीड वीत. पसरते मात्र दीड-दोन मीटर. फांदी मातीला टेकेल तिथे मूळ धरते, म्हणजे आपलं आपणच दाब कलम. म्हणूनच विकणाऱ्याला ती फुकटात पडल्यासारखी असते. एका झाडाची शंभर करायला वेळ लागत नाही.

फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही कोटोनिॲस्टर मागितलं, मी कोटोनिॲस्टर दिलं. पावती बघा." पावती पाहिली. "कोटोनिॲस्टर, ४० नग." पुढे काहीच नाही. या प्रजातीत किती जाती आहेत यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचंही एकमत नाही, कोणी पन्नास म्हणतं, कोणी तीनशेच्या घरात नेतं. गुडघ्याखाली सरपटणाऱ्यांपासून झाडाएवढ्या हिमालयातल्या फ्रिजिडसपर्यंत सगळ्यांचं पहिलं नाव एकच. सगळी मेख दुसऱ्या नावात असते आणि तेच पावतीवर नव्हतं. गंमत म्हणजे कोटोनिॲस्टर या शब्दाचा लॅटिन अर्थच साधारण "क्विन्ससारखं दिसणारं" असा आहे. क्विन्स हे सफरचंदाच्या गणगोतातलं एक फळ. जन्मापासून तोतयाच, म्हणा ना.

वर त्याने सल्ला दिला, "नको असतील तर मागच्या मोकळ्या माळावर टाका, आपोआप लागतील." हे मात्र करू नये. फळं पक्षी खातात आणि बी लांब जाऊन रुजतं. ब्रिटनमध्ये होरिझोंटॅलिस, मायक्रोफायलस अशा काही जाती रानात लावणं याच कारणाने गुन्हा आहे. माझी डॅमेरी मी बागेतल्याच उतारावर हलवली. माती छान धरून ठेवते, झाडाचा काय दोष.

यंदा लॅक्टिअस आणायला स्वतः गेले. लॅक्टिअसचं पान बोटभर लांब, वरच्या बाजूला शिरा खोल गेलेल्या, मागून पांढुरकं आणि लवदार. अंगठा फिरवला की कळतं. फुलं झुबक्याने येतात, डॅमेरीची एकेकटी किंवा फार तर जोडीने. एका नर्सरीत तर पायराकँथा हे दुसरंच झुडूप कोटोनिॲस्टर म्हणून दाखवत होते. त्याला काटे असतात आणि पानाची कड दातेरी. कोटोनिॲस्टरला काटा नाही, कड सलग. दुसऱ्या एका ठिकाणी शेंडे जळल्यासारखे काळे आणि आकड्यासारखे वाकलेले दिसले. हा फायर ब्लाइट नावाचा जिवाणूजन्य रोग असू शकतो, म्हणून हात न लावता परत फिरले. शेवटी जिथे घेतली तिथे दुसरं नाव पावतीवर लिहून घेतलं, एक रोप कुंडीतून काढून मुळं पाहिली, आणि आधी एकाची काठी सोडायला लावली. माळी हसला. रोप उभं राहिलं.

परवा त्या जुन्या माणसाची जाहिरात पुन्हा समोर आली. वर तेच फळांनी लगडलेलं कुंपण. खाली विक्रीच्या रोपांचा फोटो. मी तो मोठा करून पाहिला. प्रत्येकाला काठी होती, आणि तीन ठिकाणी हिरवी पट्टी.