ओलसर वाफ्यातले देशी मोथे आणि रानकांदे: दहा महिन्यांचा अनुभव

छपराचं पाणी जिरवायला केलेला खोलगट वाफा: 3 बाय 2 मीटर, मधोमध 25 सेंटिमीटर खोल, काठ उतरते, माती काळी. जूनच्या सुरुवातीला लागवड झाली, आता मार्च संपतोय. या वाफ्यात झाडाचं नशीब वीतभर उंचीवर ठरतं. तळात जे माजतं, ते काठावर सुकतं. काठावरचं तळात कुजतं.

तळात सायपेरस एक्झाल्टेटस. तळ्याकाठी छातीइतका वाढणारा हा मोथा ठोंब फोडून लावला. प्रत्येक फुटव्याला 4-5 कोंब, दोन ठोंबांत 45 सेंटिमीटर अंतर. लावण्याआधी पाती 15 सेंटिमीटरवर छाटावीच लागते, नाहीतर तुटलेल्या मुळांना एवढ्या पानांना पाणी पुरवणं झेपत नाही आणि कोंबही वाळतो. चारपैकी न छाटलेला एक ठोंब गेला. बाकीचे सप्टेंबरमध्ये कमरेच्या वर. बी गळल्यावर जमिनीपासून 10 सेंटिमीटरवर कापले.

उतारावर फिम्ब्रिस्टायलिस डायकोटोमा, मोथ्याच्याच कुळातला, बियांपासून. बी वाळूत मिसळून चिखलावर फेकायचं आणि हाताने नुसतं दाबायचं. मातीआड गेलेलं बी उजेडाअभावी रुजत नाही. पहिल्या पेरणीत हीच चूक झाली, जुलैत पुन्हा पेरावं लागलं.

कांद्यांत सगळ्यात भरवशाचं निघालं क्रायनम व्हिविपॅरम, नदीकाठचं. चिखल चालतो, फक्त कांद्याची मान मातीच्या वर हवी. बी मांसल असतं, वाळवून साठवता येत नाही. ताजं असतानाच ओल्या मातीवर अर्धं दाबून ठेवायचं. बियांपासून फूल यायला काही वर्षं लागतात, घाई असेल तर मोठा कांदाच लावा. विकत घेताना मात्र फूल बघा. पुंकेसरांच्या बुडाशी पांढऱ्या पडद्याची वाटी दिसली तर ते क्रायनम नाही. बहुधा ती अमेरिकेतून आलेली स्पायडर लिली असते आणि तीच ‘देशी’ म्हणून गळ्यात मारली जाते. छत्रीसारखा दिसणारा मोथाही असाच, मूळचा आफ्रिकेचा.

लेडेबुरिया रिव्होल्युटा, ठिपक्यांच्या पानांचा छोटा कांदा, तळाजवळ लावला तो महिन्यात कुजला. काळ्या मातीत पाणी साचलं की हवा संपते, कांदा मऊ पडतो आणि वास सुटतो. काठावर मुरूम आणि जाड वाळू घालून 15 सेंटिमीटरचा उंचवटा केला, तिथले सगळे कांदे तगले.

खरा ताप लव्हाळ्याचा. तोही मोथ्याचाच भाऊबंद, त्यामुळे कोवळा असताना ओळखू येत नाही. तो आला शेणखतातून आणि रोपांच्या मातीतून. उपटला की वरचा भाग हातात येतो, खालच्या सुगंधी गाठींची माळ जमिनीत राहते आणि तुटलेल्या गाठी नव्याने फुटतात. खुरप्याने 20 सेंटिमीटरपर्यंत माती मोकळी करून गाठी वेचणं हाच उपाय. शिवाय दाट लावा, सावलीत तो दुबळा पडतो. नवीन रोपं तीन आठवडे वेगळी ठेवून, मुळं धुऊनच लावायची, हे आधी कळायला हवं होतं!

ऑगस्टमध्ये क्रायनमवर काळ्या, पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या आल्या. दोन रात्रींत पानांच्या नुसत्या शिरा उरतात. फवारणीची गरज पडली नाही. रोज संध्याकाळी पानाच्या खालून वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. हातमोजे घाला. हे कांदे विषारी आहेत, पोटात गेले तर उलट्या होतात. लहान मुलं आणि गुरं यांच्यापासून लांब ठेवा.

डासांचं म्हणाल तर पाणी दोन दिवसांत जिरतंय तोवर प्रश्न नाही. जुलैत पाच दिवस साचलं, तेव्हा सांडवा 8 सेंटिमीटरने खाली घ्यावा लागला.

लेडेबुरियाची पानं आता पूर्ण गायब आहेत. जागेवर काठ्या रोवून ठेवल्या नसत्या तर उन्हाळी खोदाईत कुदळ थेट कांद्यातच बसली असती.