पारिया की ग्रां रिव्हिएर? त्रिनिदादचा कुठला किनारा गाठावा

त्रिनिदाद म्हटलं की आपल्याला आधी पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल आठवतं. 1971 साली गावसकरांचं पदार्पण तिथलं, आणि त्याच मालिकेतल्या शेवटच्या कसोटीतले 124 आणि 220 सुद्धा तिथलेच. सामन्यांच्या निमित्ताने किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आठवडाभरासाठी तिकडे जाणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: छत्र्या-खुर्च्या आणि रिसॉर्ट नसलेला, मूळचा किनारा बघायचा तर कुठे जावं?

उत्तर किनाऱ्यावर अशी दोन नावं पुढे येतात, पारिया आणि ग्रां रिव्हिएर. नकाशा उघडा. पोर्ट ऑफ स्पेनहून निघालेला डोंगररस्ता मराकस, लास क्वेवास करत ब्लाँशिसूज गावाशी संपतो. पूर्वेकडून टोकोमार्गे आलेला दुसरा रस्ता मातेलो गावाशी संपतो. मधला पट्टा गाडीरस्त्याविना राहिला, म्हणून तिथलं जंगल थेट समुद्रापर्यंत उतरतं. पारिया या पट्ट्यात आहे. ग्रां रिव्हिएर मातेलोच्या अलीकडे, म्हणजे गाडी दारापर्यंत जाते.

पारियाला जायचं तर ब्लाँशिसूजहून चालत दोन-अडीच तास, तेही एका बाजूने. वाट जंगलातली, चढउताराची आणि पाऊस पडला की निसरडी. मध्येच झाडी उघडते आणि खाली समुद्रात कासवाच्या आकाराचा खडक दिसतो. पारियाच्या कडेला लाटांनी कोरलेली मोठी दगडी कमान आहे, तिच्यामुळेच हा किनारा फोटोंतून ओळखू येतो. पण मला विचाराल तर खरं बक्षीस किनाऱ्यावर नाही. नदीच्या कडेने पंधरा-वीस मिनिटं आत गेलं की पारियाचा धबधबा लागतो. घामाने चिंब झालेल्या माणसाला त्या डोहातलं गार पाणी समुद्रापेक्षा जास्त हवं असतं.

बाकी तिथे काही नाही. दुकान नाही, संडास नाही, जीवरक्षक नाहीत, मोबाइलच्या रेंजवर विसंबायचं नाही. पाणी आणि खाणं पाठीवर न्यायचं, कचरा पाठीवर परत आणायचा. समुद्र शांत दिसला तरी आत ओढणारे प्रवाह असतात. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही तिथे कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये असं माझं मत आहे. चालायचं नसेल तर ब्लाँशिसूजचे कोळी होडीने नेतात. मात्र साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात, त्या दिवसांत होडी किनाऱ्याला लागेलच असं नाही. होडीने जाताना परत कधी न्यायला येणार, हे आधीच पक्कं करून घ्या.

आणि एकट्या-दुकट्याने जाऊ नका. त्रिनिदादमध्ये गुन्हेगारी हा गंभीर प्रश्न आहे, 2024च्या डिसेंबरअखेर तर सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. निर्जन वाटेवर स्थानिक वाटाड्या किंवा गिर्यारोहकांचा गट सोबत हवाच.

ग्रां रिव्हिएर हे वेगळंच प्रकरण आहे. पोर्ट ऑफ स्पेनहून गाडीने अडीच-तीन तास, शेवटचा टप्पा वळणावळणाचा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावं. गाव छोटं, समुद्राला लागून मोजकी हॉटेलं आणि घरगुती खोल्या. म्हणजे ‘रानटी’ किनाऱ्याच्या व्याख्येत ते काटेकोरपणे बसत नाही. तरी रात्री तिथे जे दिसतं, त्यापुढे पारियाची कमान फिकी पडावी. मार्च ते ऑगस्ट या काळात लेदरबॅक कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात, आणि इतक्या दाटीने येण्याची ठिकाणं जगात फार थोडी आहेत. आपल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला येणारं ऑलिव्ह रिडले 40 किलोच्या आसपास असतं. ही मादी 300-400 किलोंची. पाठीवर कठीण कवच नाही, जाड कातडी, त्यावर उभे कंगोरे. मागच्या वल्ह्यांनी ती वाळू आळीपाळीने उपसते. खड्डा खोल झाला की वल्ह्याचं टोक आत वळवून मूठभर वाळू अलगद बाहेर काढून ठेवते. अंडी पडायला लागली की तिचं आजूबाजूला फारसं लक्ष नसतं, तेव्हाच वाटाड्या लाल दिव्यात जवळ येऊ देतो. फ्लॅश आणि पांढरी बॅटरी चालत नाही.

मोसमात हा किनारा प्रतिबंधित क्षेत्र असतो. वनखात्याचा परवाना आणि गावातला अधिकृत वाटाड्या, दोन्ही लागतं. सोय शक्यतो राहण्याच्या ठिकाणाकडूनच करून घ्यावी. वेळाससारखं अंडी उचलून कुंपणात ठेवण्याची पद्धत इथे नाही, घरटी जिथल्या तिथे राहतात. म्हणून पाय कुठे टाकतोय याला महत्त्व आहे. 2012 साली नदीचा प्रवाह वळवताना बुलडोझरखाली हजारो अंडी आणि पिल्लं चिरडली गेली, ती याच किनाऱ्यावर.

मग निवड कशी करायची? आधी महिना बघा. जानेवारी ते मे कोरडा हंगाम, पारियाची पायवाट तेव्हाच बरी. मार्चपूर्वी ग्रां रिव्हिएरला कासवांसाठी जाण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये आलात तर दोन्ही जमतं. माझ्या मते हाच उत्तम काळ. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर पाऊस असतो, पायवाट चिखलाची होते. पण अंड्यांतून निघालेली पिल्लं दिसण्याची संधी तेव्हाच जास्त. सप्टेंबरनंतर मी दोन्हींचा हट्ट धरणार नाही.

मग सोबत कोण आहे ते बघा. आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर पारिया विसरा. ग्रां रिव्हिएरला एक रात्र राहा. वाळूत रात्री चालण्याची तयारी मात्र हवी. तरुण मंडळी, चांगले बूट, सह्याद्रीत भटकण्याची सवय असेल तर पारिया.

दोन्ही जड वाटत असेल तर लास क्वेवास. मोठा, शांत किनारा, जीवरक्षक असतात, संध्याकाळी मात्र वाळूमाश्या चावून हैराण करतात. येताना मराकसला थांबून ‘बेक अँड शार्क’ खा: तळलेला भटुऱ्यासारखा पाव, आत तळलेला मासा, वर चिंचेची चटणी, लसूण आणि शॅडो बेनी नावाचा, कोथिंबिरीच्या वासाचा रानपाला. शार्क नको असेल तर दुसरा मासा मागता येतो. रविवारी मात्र मराकसला मुंगी शिरायला जागा नसते.

बॅग भरताना एक लक्षात ठेवा. ट्रेकसाठी घेतलेली लष्करी छापाची पँट किंवा टोपी घरीच ठेवा. त्रिनिदादमध्ये सामान्य माणसाने तसे कपडे घालणं हा गुन्हा आहे.