टेबल आलं नाही, ३१,०४९ रुपये गेले

मी घरून व्यापाऱ्यांची रिटर्न भरते. आधी व्हॅटची भरायचे, २०१७ पासून जीएसटीची. लातूरहून तासाभरावर आमचं तालुक्याचं गाव. किराणा, कापड, खत-बियाणं अशी साठेक दुकानं माझ्याकडे आहेत. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणारच की हिला तरी कळायला हवं होतं. हवंच होतं. त्याचीच आग होते.

सासऱ्यांचं सागवानी टेबल मी इतकी वर्षं वापरलं. त्याची उंची ३० इंच आणि मी चार फूट अकरा. खुर्चीवर पाय नीट टेकवून बसले की माझं कोपर जमिनीपासून साडेतेवीस इंचांवर येतं. म्हणजे कीबोर्डसाठी दिवसभर खांदे कानापाशी नेऊन हात उचलून धरायचे. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात आणि मांड्यांखाली कड रुतते. ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीची रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा, जवळ आल्या की रात्री उजवा हात बधिर व्हायचा. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला नि स्पष्ट सांगितलं, "गोळ्या देतो, पण त्यानं भागणार नाही. टेबल बदला."

मग मी ते मनावर घेतलं. एका रविवारी पोराला टेप धरायला लावला. चपला काढून, पाय सपाट, कोपर बरगडीला लावून बसले. जमिनीपासून कोपराच्या खालपर्यंत माप घेतलं, मग डोळ्यांपर्यंतचं, मग मांडीच्या वरच्या बाजूचं. वहीत चित्र काढलं. कीबोर्ड कोपराच्या बोटभर खाली, मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हात लांब केला की बोटं पडद्याला टेकतील एवढं अंतर. मांड्यांना जागा राहावी म्हणून खाली ड्रॉवर नको. पुढची कड गोल, म्हणजे मनगटाला टोचणार नाही. टेबल वर-खाली व्हायला हवं होतं, कारण संध्याकाळी त्यावर पोरगा अभ्यासाला बसतो आणि तो पाच फूट नऊ आहे.

मोटारीनं वर-खाली होणारी बाजारातली बरीच टेबलं उभ्यानं काम करणाऱ्यांचा विचार करून बनवलेली असतात. पाय दोन टप्प्यांचे असले तर ती २७-२८ इंचांच्या खाली उतरत नाहीत. बसून काम करणाऱ्या बुटक्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही. तीन टप्प्यांचे पाय, म्हणजे एकात एक तीन नळ्या, जास्त खाली बसतात. मला २३ इंच हवे होते, म्हणून ऑर्डर देऊन बनवून घ्यायचं ठरवलं.

मोबाइलवर जाहिरात दिसली, 'तुमच्या मापाचं टेबल'. पत्ता वाळूज एमआयडीसीचा. फोनवरचा माणूस गोड बोलणारा तर होताच, शिवाय त्याला त्यातलं कळत होतं. त्यानंच विचारलं, "ताई, कोपराची उंची खुर्चीवर बसून घेतली का उभ्यानं?" दोन दिवसांत माझ्या मापाचं ड्रॉइंग आलं, त्यात २३ इंच लिहिलेले. इतकी वर्षं कुणी माझ्या बसण्याचा विचार केला नव्हता. त्या २३ आकड्यानं मी विरघळले, दुसरं काही नाही.

कोटेशन आलं १७ तारखेला रात्री अकराला. टेबल ३२,६२७.१२, त्यावर सीजीएसटी २,९३६.४४, एसजीएसटी २,९३६.४४, एकूण ३८,५००. वर पत्ता वाळूजचा. आणि त्याखाली जीएसटी नंबर, २४ नं सुरू होणारा.

२४ म्हणजे गुजरात. महाराष्ट्र २७. हे मला झोपेतही सांगता येतं. व्यापाऱ्याच्या बिलावर २४ दिसला आणि सीजीएसटी-एसजीएसटी लावलेला असला, तर मी तिथल्या तिथे फोन करून सांगते, "हे बिल चुकलंय, माल दुसऱ्या राज्यातला आहे, त्याला आयजीएसटी लागतो, बदलून आणा." ते रोजचं काम. त्या रात्री तो २४ मी वाचला. नजर तिथं थांबली होती, मला आठवतं. मनात आलं, मुख्य ऑफिस तिकडचं असेल. जीएसटीचं पोर्टल दुसऱ्या खिडकीत उघडंच होतं. तो पंधरा आकडी नंबर तिथं टाकायला अर्धा मिनिट लागलं असतं. २० तारखेसाठी एकोणीस रिटर्न बाकी होती, हात दुखत होता, म्हणून टाकला नाही. नंतर टाकला तेव्हा दिसलं, नंबर दुसऱ्याच कुणाचा, कापडाच्या धंद्याचा, तोही रद्द झालेला.

१८ तारखेला सकाळी निम्मे, १९,२५० पाठवले. यूपीआयवर फर्मचं नाव आलं नाही, एका माणसाचं आलं. विचारलं तर म्हणाला, करंट खात्याची आजची मर्यादा संपली, हे मालकांचं. फर्मच्या व्यवहारात वैयक्तिक खातं दिसलं की थांबा, कारण काहीही सांगू देत. नऊ दिवसांनी त्याचा फोन, टेबलाच्या मोटारी परदेशातून आल्यात, कस्टमचे ६,८०० भरा. भरले. मग रंगवलेल्या पायांचा फोटो आला आणि मागोमाग वाहतुकीचा विमा, 'परत मिळणारा', ४,९९९. तेही भरले. आमचे हे म्हणाले होते, "एवढं भरलंय तर आता कशाला अडवतेस?" त्यांना दोष देत नाही. मलाही तसंच वाटत होतं. आधी गेलेले पैसेच पुढचे ओढून नेतात.

चौथ्यांदा त्यानं ई-वे बिलाचे, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायच्या कागदाचे, २,३५० मागितले. तिथं मी उठून उभीच राहिले. ई-वे बिल काढायला सरकार एक रुपया घेत नाही. आणि राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या आतल्या मालाला महाराष्ट्रात ते लागतच नाही. हे त्याला सांगितलं. दहा मिनिटांत नंबर बंद.

छत्रपती संभाजीनगरला राहणारे धाकटे भाऊजी त्या पत्त्यावर जाऊन आले. तिथं खोक्यांचा कारखाना. वॉचमन म्हणाला, "टेबलवाले का? या महिन्यात तुम्ही तिसरे."

आता पुढचं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन सातव्या वेळी लागला. तक्रार नोंदवली, मेसेजवर नंबर आला. पण पहिले पैसे जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. पैसे गेल्याच्या पहिल्या काही तासांत फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. खात्री करून मग करू, असं करत बसू नका. बँकेत गेले, तर "पिन तुम्हीच टाकला ना मॅडम?" हो, मीच टाकला. त्यांनी अर्जावर शिक्कासुद्धा दोन चकरांनंतर दिला.

पोलीस ठाण्यात साडेतीन तास बाकावर बसले. साहेबांनी कागद हातात घ्यायच्या आधी विचारलं, "अडतीस हजारांचं टेबल? गावात सहा हजारांत मिळतं की." शेजारचे दोघं हसले. मी मापं सांगायला लागले, डॉक्टरांची चिठ्ठी काढली, तर म्हणाले, तुम्ही राजीखुशीनं ऑर्डर दिलीत, ही दिवाणी बाब, ग्राहकवाल्यांकडे जा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं, तर ते म्हणाले, समोरचा व्यापारीच खोटा, आधी पोलिसांत द्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांच्या आतल्या दाव्याला फी नाही हे मला माहीत आहे, पण नोटीस पाठवायची कुणाला? खोक्यांच्या कारखान्याला? जिल्ह्याच्या सायबरवाल्यांकडे गेले तर त्यांनी परत ठाण्यात पाठवलं. जायला-यायला एसटीचे चार दिवस गेले, त्यातल्या एका दिवशी व्यापाऱ्याचं रिटर्न चुकलं आणि दंड मी पदरचा भरला. फसवलं एका चोरानं, पण मला खोटं पाडायला चार टेबलांवर चार माणसं बसलेली होती.

ही दिवाणी बाब नाही. खोटा पत्ता, दुसऱ्याचा जीएसटी नंबर, पहिल्या दिवसापासून नियत खोटी. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ यासाठीच आहे. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येते. मी पाठवली आहे, पावती जपून ठेवली आहे. तुम्हीही तोंडी काही सांगू नका, कागदच द्या.

ड्रॉइंगवर भुलू नका. माप तुम्हीच देता, तो फक्त ते परत लिहून पाठवतो. 'परत मिळणारं' डिपॉझिट मागितलं की तिथंच थांबा. जवळपास वर्कशॉप असेल तर आपल्या पायांनी जाऊन या, लांब असेल तर नातेवाइकाला पाठवा. आम्ही पाठवलं, पण पैसे गेल्यावर.

वाळूजचा पत्ता, मापाचं टेबल आणि २४ नं सुरू होणारा नंबर असं कोटेशन तुमच्याकडेही असेल, तर ते डिलीट करू नका. वॉचमननं सांगितलेले आणखी दोघं मला हवे आहेत. तिघांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर ते दिवाणी म्हणून टाळता येणार नाही. मी सोमवारी पुन्हा ठाण्यात जाते आहे.