भिजलेला फोन आणि पैठण गेटची दुरुस्ती: एका सेवेचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरात मोबाइल बिघडला की पावले आपोआप पैठण गेटकडे वळतात. कव्हर, काच आणि चार्जर विकणारी दुकाने तेथे एकाला एक लागून आहेत, आणि त्यांच्याच वरच्या मजल्यांवर, जेथे पाटीही धड दिसत नाही अशा खोल्यांत, फोनच्या आतील सर्किट बोर्डावरचे बारीक काम करणारे कारागीर बसलेले असतात. अशाच एका दुकानातून माझ्या थोरल्या बंधूंचा पाण्यात पडलेला फोन दुरुस्त करून घेतला. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या भागातले कारागीर जागा बदलत राहतात आणि दुकान निवडताना नावापेक्षा कामाची रीत पाहावी असे माझे मत झाले आहे.

फोन पडला तो गंगापूर तालुक्यातील शेततळ्यात. मोटारीचा स्टार्टर त्याच फोनवरून चालतो, ई-पीक पाहणीची नोंद त्याच फोनवरून होते, आणि बँकेचे ओटीपीही त्याच क्रमांकावर येतात. त्यामुळे ‘नवा घेऊ’ असे म्हणून विषय संपण्यासारखा नव्हता. बंधूंनी फोन बाहेर काढताच बंद केला आणि सिम काढून ठेवले, हे उत्तम केले. पुढे मात्र घरच्यांनी तो रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. आपल्याकडे तांदूळ नसला तर ज्वारीच्या पोत्यात फोन खुपसणारेही पुष्कळ आहेत.

दुकानात फोन समोर ठेवताच कारागिराने पहिला प्रश्न विचारला, “मामा, पाण्यातून काढल्यावर चार्जिंगला लावला होता का?” लावला नव्हता, हे ऐकून त्याचा चेहरा जरा खुलला. दुसरा प्रश्न पाण्याविषयी होता: नळाचे, बोअरचे की तळ्यातले? हे विचारणारा माणूस जाणकार आहे असे खुशाल समजावे. शुद्ध पाण्यातून वीज फारच थोडी वाहते. बोर्डाची नासाडी करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. आमच्या शेततळ्यात बोअरचे जड पाणी सोडलेले असते, त्यात गाळ असतो आणि ठिबकसाठी कालवलेल्या विद्राव्य खताचा अंशही कधीमधी उतरतो. असे पाणी सर्किटवर पसरले आणि त्यातून विद्युतप्रवाह वाहिला की तांबे झिजू लागते, पिनांवर हिरवट थर चढतो आणि जवळजवळच्या दोन बिंदूंमध्ये धातूचे सूक्ष्म तंतू वाढून शॉर्ट होतो.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फोन बंद केला तरी त्याची बॅटरी बोर्डाला जोडलेलीच राहते आणि बोर्डाच्या काही भागांत विजेचा दाब कायम असतो. पूर्वीच्या फोनमध्ये मागचे झाकण काढून बॅटरी उचलता येत होती. आता ती आत चिकटवलेली असते. म्हणून फोन डब्यात वाळत पडलेला असतानाही आतली झीज सुरूच राहू शकते, आणि पाणी उडून गेले तरी क्षार जागच्या जागी राहतात. वाळवणे आणि साफ करणे ही दोन निराळी कामे आहेत. तांदळाने पहिले कामसुद्धा धड होत नाही, कारण बोर्डावरील पत्र्याच्या झाकणांखाली अडकलेल्या पाण्यापर्यंत त्याचा काहीच परिणाम पोहोचत नाही. उलट त्याची भुकटी आणि कणी चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते. ॲपल कंपनीनेही आपल्या सूचनांमध्ये आयफोन तांदळात ठेवू नये, हेअर ड्रायरसारखी बाहेरची उष्णता किंवा दाबाची हवा वापरू नये आणि खाचेत कापसाची काडी घालू नये असे स्पष्ट सांगितले आहे. आमच्या फोनच्या खाचेतूनही कारागिराने चिमट्याने तांदळाची कणी काढली आणि काही न बोलता ती कागदावर ठेवली.

त्यानंतरचे काम आमच्यासमोरच झाले, आणि या सेवेला मी अधिक गुण देतो ते येथे. मागचे झाकण मंद उष्णतेवर सैल करून उघडताच त्याने सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. बाकी कशालाही त्यापूर्वी हात लावला नाही. बोर्ड बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली धरला आणि पडद्यावर आम्हालाही दाखवला. चार्जिंगच्या भागावर पांढुरके क्षार आणि हिरवट डाग स्पष्ट दिसत होते, मुख्य बोर्डाचा एक कोपरा गाळाने माखला होता, बाकीचा भाग बऱ्यापैकी स्वच्छ होता. पत्र्याची झाकणे उचलून त्याने मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुतला, मग ध्वनिलहरींनी द्रव हलवून मळ सोडवणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात ठेवला आणि पुन्हा अल्कोहोलने धुऊन वाळवला. हे अल्कोहोल पाण्याला आपल्यात मिसळून घेते आणि लवकर उडून जाते, म्हणून ते वापरतात. स्वस्तात काम करणारे काही जण येथे थिनर चालवतात. त्याने प्लॅस्टिकचे भाग आणि गोंद खराब होण्याची भीती असते, तेव्हा काय वापरणार हे आधीच विचारून घेणे बरे.

धुऊन झाल्यावर फोन लगेच सुरू करून दाखवण्याचा मोह त्याने टाळला. बॅटरी न जोडता बोर्डाला डीसी सप्लाय या यंत्रावरून वीज दिली आणि त्यावर दिसणाऱ्या प्रवाहाच्या आकड्याकडे पाहत राहिला. पॉवरचे बटण दाबण्यापूर्वीच बोर्ड प्रवाह खेचू लागला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजतात. आमच्या बोर्डाने तसे केले नाही. चार्जिंगचा छोटा बोर्ड मात्र बदलावा लागला, आणि बॅटरीच्या कडेला ओल शिरल्याच्या खुणा असल्याने तीही बदलण्याचा सल्ला त्याने दिला. तो आम्ही मानला, कारण लिथियमची बॅटरी फुगून धोकादायक झाल्यावर पश्चात्ताप करण्यापेक्षा तो खर्च परवडतो.

याआधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात चौकशी केली होती. कोणत्या कंपनीचे हे सांगण्याचे कारण नाही, कारण उत्तर बहुतेक ठिकाणी असेच मिळते. फोनच्या आत पाणी लागताच लाल होणारी एक चिकटपट्टी असते. ती लाल दिसली, म्हणून वॉरंटी लागू नाही, संपूर्ण बोर्ड बदलावा लागेल आणि त्यातील डाटा परत मिळणार नाही, असे सांगण्यात आले. सांगितलेला खर्च फोनच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. त्यांच्या नियमांत हे बसते, तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही. परंतु ज्याला फोनमधील छायाचित्रे आणि नोंदी हव्या आहेत त्याच्या ते उपयोगाचे नाही.

या फोनच्या खोक्यावर ‘आयपी ५४’ छापलेले होते आणि विकणाऱ्याने तो वॉटरप्रूफ म्हणून बंधूंच्या गळ्यात मारला होता. या अंकांतील पहिला धुळीविषयी असतो आणि दुसरा पाण्याविषयी. दुसरा अंक ४ असेल तर फोन चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसतो, बुडणे सोसत नाही. ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि ८ असेल तर त्याहून कठीण स्थितीत, जी कंपनीने स्वतः सांगायची असते. या चाचण्या नव्या फोनवर स्वच्छ, गोड्या पाण्यात होतात. दोन वर्षे खिशात वागवलेल्या, एकदोनदा आपटलेल्या फोनच्या कडेचा गोंद तितकाच घट्ट असेल असे कोणीही लिहून देत नाही. कारागिरानेही फोन परत देताना हेच बजावले की एकदा उघडलेला फोन पुन्हा बंद केला तरी मूळचे संरक्षण राहिले असे धरून चालू नये.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव अशी की दुकानातील पोऱ्याने फोनचा लॉक मागून घेतला, चिठ्ठीवर लिहिला आणि ती चिठ्ठी फोनच्याच पाठीवर चिकटवून फोन खुल्या कप्प्यात ठेवला. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार चालतात त्याच्या बाबतीत ही पद्धत अक्षम्य आहे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ असतो. तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला आपली छायाचित्रे, संदेश आणि खाती दिसत नाहीत. पण तो लावण्यासाठी फोन सुरू असावा लागतो, आणि भिजलेल्या फोनचे दुखणे नेमके तेच आहे. मी चिठ्ठी काढून घेतली आणि चाचणीच्या वेळी बंधूंनी स्वतः लॉक उघडावा असे ठरवले. दुकानाने त्याला हरकत घेतली नाही, एवढे खरे. दुसरे असे की पावती मागितल्यावरच मिळाली, आणि तिच्यावर ‘वॉटर डॅमेज, गॅरंटी नाही’ एवढेच लिहिले होते. कोणते सुटे भाग बदलले ते आम्ही आग्रह धरून लिहून घेतले आणि जुने भागही मागून घेतले.

तपासणीचे ३०० रुपये वेगळे आणि साफसफाई, चार्जिंग बोर्ड व बॅटरी मिळून २,१०० रुपये लागले. फोन सुरू झाला नसता तर तपासणीपलीकडे पैसे घेणार नाही, असे त्याने आधीच सांगितले होते. आज फोन चालतो, सर्व छायाचित्रे जागेवर आहेत, मोटारीचा स्टार्टरही चालू होतो. डिस्प्लेच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा फिकट डाग राहिला आहे आणि स्पीकरचा आवाज पूर्वीपेक्षा दबका आहे. डिस्प्ले बदलण्याचा खर्च त्या डागासाठी करू नका, हे कारागिरानेच सांगितले, यावरून त्याच्या हेतूविषयी माझे मत चांगले झाले. मात्र उरलेल्या क्षारांमुळे काही महिन्यांनीही बिघाड उद्भवू शकतो, म्हणून डाटाची प्रत त्याच दिवशी काढून घ्या, असेही त्याने सांगितले, आणि ती आम्ही दुकानात बसूनच काढली.

दुकानाचा जिना अरुंद आणि अंधारा आहे, खाली गाडी लावायला जागा नाही, आणि संध्याकाळी गर्दी इतकी होते की कारागिराशी दोन शब्द बोलणे कठीण जाते. भिजलेला फोन घेऊन जाणाऱ्याने सकाळी दुकान उघडतानाच पोहोचावे, फोन बंदच ठेवावा, पाणी कोठले होते ते स्वतःहून सांगावे आणि बोर्ड आपल्यासमोर उघडायला लावावा.