इंटेलिजे आयडिया दिवाळीपासून वापरतोय, काय पटलं काय नाही

इंटेलिजे म्हणजे आयडीई, कोड लिहायचं, चालवायचं, तपासायचं सगळं एकाच ठिकाणी करणारं सॉफ्टवेअर. आधी बरीच वर्षं एक्लिप्स या दुसऱ्या आयडीईवर होतो, दिवाळीपासून रोजच्या कामाला इंटेलिजे. काम जावाचं, बिलिंगचा जुना कोड, ज्यांनी लिहिला ते कधीच हिंजवडी सोडून गेले. असल्या कोडमधे आयडीई चांगला की वाईट हे डार्क थीम नि ऑटोकम्प्लीटवरून नाही ठरत, त्याला तुमचा कोड कळतो किती त्यावर ठरतं.

म्हणजे बघा, एकाच नावाची मेथड (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) दोन क्लासमधे (कोडचे वेगवेगळे भाग), एकीत जीएसटी धरून रक्कम, दुसरीत सोडून. फाइंड-रिप्लेस मारलं तर दोन्हीची वाट. इथे शिफ्ट-एफ६ दाबून नाव बदललं तर फक्त त्याच क्लासच्या मेथडचे कॉल बदलले, दुसरीला हात नाही. हे जमतं कारण तो आधी अख्ख्या प्रोजेक्टचं इंडेक्सिंग, म्हणजे कुठे काय आहे त्याची नोंद, करून बसतो, आणि दुखणं पण तेच, मोठी ब्रँच (कोडची वेगळी आवृत्ती) बदलली की खालची पट्टी सरकत राहते, पंखा घोंघावतो, तोवर चहा मारून या. ८ जीबी रॅमवर डॉकर (प्रोग्रॅम कंटेनरमधे चालवायचं टूल) आणि क्रोमसोबत उघडायच्या भानगडीत पडू नका, १६ पाहिजेच.

डीबगर, म्हणजे चालता कोड मधेच थांबवून चूक शोधायचं साधन, मात्र एक नंबर. ऑर्डरच्या भल्यामोठ्या लूपमधे एकच ऑर्डर फुटत होती, ब्रेकपॉइंटच्या, म्हणजे कोड जिथे थांबवायचा तिथल्या, लाल ठिपक्यावर राइट क्लिक करून अट टाकली, हाच ऑर्डर आयडी आला तर थांब, बरोबर तिथेच थांबला आणि समोर स्टेट कोड नल, म्हणजे रिकामा! ऑल्ट-एफ८ दाबून तिथल्या तिथे एक्स्प्रेशन (कोडची एखादी छोटी ओळ) चालवून पण बघता येतं, प्रिंट टाका रीस्टार्ट करा हा उद्योगच नाही.

लोकल हिस्टरीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. गिटमधे (कोडचे बदल सांभाळणारं टूल) कमिट, म्हणजे पक्की नोंद, न केलेले बदलही इंटेलिजे ठेवतो, डीफॉल्टला कामाचे ५ दिवस. आमच्याकडे कर्वेनगरला गुरुवारी लाईट गेली की डेस्कटॉप धाडकन बंद, तरी लिहिलेलं जवळपास सगळं परत मिळालंय.

पायथनची छोटी स्क्रिप्ट असेल तर अजूनही व्हीएस कोड हा हलका एडिटरच, पटकन उघडतो. शिवाय २०१६ला मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणल्यापासून भाषेची समज वेगळ्या सर्व्हरमधे आणि एडिटर वेगळा असं झालंय, त्यामुळे विम या जुन्या एडिटरवाल्यांनाही असं नाव बदलणं (रीनेम) मिळतं. पण जावाच्या अवाढव्य कोडला मी तरी इंटेलिजेच धरीन.

एक्लिप्सवाल्यांनो, सेटिंगमधे एक्लिप्सचा कीमॅप (कीबोर्ड शॉर्टकटचा संच) मिळतो, तो लावू नका. थोडे दिवस बोटं चुकतील, चुकू देत, नाहीतर टीममधल्या दुसऱ्याच्या मशीनवर बसलात की परत पहिल्यापासून.